सोबतच्या माणसाची सही

बसा, पण माझ्या उजवीकडे. डावीकडे का नको, ते सांगतोच.

आईला आणायला निघालो होतो, एवढंच. जाताना एक तिकीट, दुसऱ्या दिवशी परतीची दोन. तिच्यासाठी विमानतळावर चाकांची खुर्ची सांगून ठेवली होती. तीन वर्षं मी "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणत आलो, आणि तीन वर्षं ती बॅग भरत आणि उपसत आली. शेवटी मागची खोली रंगवून घेतली आणि फोन केला.

"या वेळी मी बॅग उपसणार नाही हं," ती म्हणाली. "आणि गर्दीत मला टाकून पुढे पळू नकोस. तुझी बाही धरून चालेन मी."

धुक्यानं घोळ घातला. तिच्या गावावर दोन घिरट्या घालून विमान भलत्याच विमानतळावर उतरलं. सकाळचे अकरा वाजले होते, पण काचेबाहेर नुसतं पांढरं. आत एकच हॉल, बंद असलेलं चहाचं दुकान आणि ओल्या गालिच्याचा वास. काउंटरवरच्या बाईंचं उत्तर ठरलेलं, "धुकं उठलं की." लोक फोनवर घरच्यांवर डाफरले, मग हळूहळू गप्प झाले. मला डाफरायला आईशिवाय कोणी नव्हतं, आणि ती फोन उचलत नव्हती.

तेवढ्यात मागून चाकांचा आवाज आला. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. चाकावर भार आहे की नाही, ते मला न बघता कळतं. ही खुर्ची भरलेली होती.

वळून पाहिलं, तर एक म्हातारा मदतनीस रिकामी खुर्ची ढकलत माझ्यापुढे येऊन थांबला.

"तुमच्या आई," तो हळूच म्हणाला. "ताब्यात घ्या."

"अहो काका, तिचं तिकीट उद्याचं आहे. तेही तिकडून. तुमच्या यादीत काहीतरी गोंधळ झालाय."

त्यानं कागद पुढे केला. नाव आईचंच होतं.

"दोन तास झाले... तुम्हालाच शोधतायत."

"खुर्ची रिकामी आहे!"

"सोबतच्या माणसाची सही होईपर्यंत एकटं सोडायचं नाही... नियम आहे."

त्याच्याशी कोण हुज्जत घालणार? ब्याद टळावी म्हणून मी सही ठोकली. आयुष्यात अशा पुष्कळ सह्या केल्यात. त्यानं ब्रेक लावला, खाली वाकून पाय ठेवायच्या पट्ट्या दुमडल्या, आणि कुणाला उठवावं तसा हात पुढे धरला. बराच वेळ धरला. "सावकाश," एवढंच म्हणाला, आणि खुर्ची घेऊन निघून गेला. आता चाकं हलकी वाजत होती.

माझ्या स्वेटरची डावी बाही कोपराशी आवळली गेली. मी हात झटकला.

मग फोन वाजला. आईच्या शेजारच्या काकू होत्या.

"अरे, दार उघडेनात म्हणून फोडलं... डॉक्टर म्हणतात, नऊच्या सुमारास गेल्या. चपला घालून, बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या रे..."

नऊ. दोन तास. मी त्या हॉलमध्ये ढसाढसा रडलो. ती गेली म्हणून तर रडलोच, पण त्या परक्या जागी, धुक्यात, दोन तास ती मला शोधत फिरत होती, ते सहन होईना. आणि सापडल्यावर मी काय केलं? हात झटकला.

तिकडचं सगळं उरकून मी रेल्वेनं एकटाच परतलो. म्हणजे तिकीट एकच काढलं.

रोज इस्त्रीचा शर्ट घालतो. संध्याकाळी डावी बाही कोपराशी चुरगळलेली असते. पहिल्यांदा घाबरलो. पुढे, खरं सांगू, बरं वाटायला लागलं. घरात दुसरं आहे कोण? मागच्या खोलीतला दिवाही मी चालू ठेवतो.

पण काल सातव्या मजल्यावर काम होतं. लिफ्ट खाली अडकलेली. मी दार उघडून, उजव्या हातानं चौकट धरून खालच्या अंधारात वाकलो, तोच डावी बाही घट्ट धरली गेली. मी म्हटलं, आई आहे, मला मागे ओढतेय.

मागे नाही हो... पुढे.