गाणं संपल्यावरचा काटा

मोबाइल खाली ठेवा आणि गप बसा. मधे कुणी हसलं तर उठून जाईन. माझ्या मेहुण्याच्या घरात झालेलं सांगतोय.

मार्चातला शेवटचा बुधवार. त्याचा फोन आला, दादा, टेम्पो घेऊन या, एक कॉम्प्रेसर आणायचाय. मी म्हटलं, पंक्चरचं दुकान काढताय काय? तर ती निघाली गाण्यातला चढलेला आवाज दाबायची पेटी. जुनी, लोखंडी, उचलताना कंबर मोडेल अशी. एका म्हाताऱ्या रेकॉर्डिंगवाल्यानं रात्रीपुरती दिली होती.

पेटीच्या पोटात दिवा. गाणारा जोरात चढला की दिवा पेटतो. समोर एक डोळा बसवलाय, त्याला उजेड दिसला की पेटी आवाज दाबते. किती दाबला ते काटा खाली येऊन सांगतो. कॉम्प्युटरातही तिची नक्कल होती, चित्रातल्या काट्यासकट. पण मेहुण्याचं तिच्यावर भागत नव्हतं.

गाणं माझ्या धाकट्या बहिणीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं. आजारपणात, मागच्या खोलीत म्हटलेलं. एवढं पुरं करून सगळ्यांना ऐकवा म्हणाली, आणि गेली. वर्ष झालं, हा घासतोच आहे. धड झोप नाही, धड जेवण नाही. मी चिडून बोललो, ती गेली, आता तुम्ही पण जा तिच्या मागं. तो नुसता हसला. थकलेला माणूस भांडत पण नाही.

मध्यरात्र उलटली. पेटी तापली. त्यानं गाणं लावलं. बहीण शेजारी बसून म्हणतेय असं वाटलं. मी भिंतीकडं बघत बसलो.

गाणं संपलं. काटा वर जाऊन थांबला.

मग खाली आला.

खोलीत आवाज नाही. मेहुणा म्हणाला, जुना माल आहे, डोळ्यात उजेड रेंगाळतो. त्यानं गाणं आत नेणारी वायरच उपटली.

काटा आणखी खाली. मग वर... जरा थांबला... परत खाली. ओळ म्हणून श्वास घ्यावा तसा.

मी म्हटलं, बंद करा.

त्यानं हात लावला नाही.

"दादा, ती गातेय. आणि मी दाबतोय तिला."

दाबायचं बटण त्यानं हळूहळू शून्यावर नेलं. काटा वर गेला. हलला नाही.

उजाडेपर्यंत त्यानं गाणं पुरं केलं. कुठंच न दाबता. सगळ्यांना पाठवलं. पेटी मी परत नेऊन दिली. तो दोन दिवस मेल्यासारखा झोपला. मला वाटलं, सुटला एकदाचा.

रविवारी परत बोलावलं. नुसतं बोट दाखवलं. कॉम्प्युटरवर ती नक्कल उघडी. स्पीकर बंद. गाणं लावलेलं नाही. नक्कल ती, तिच्यात दिवा नाही, डोळा नाही, नुसते आकडे. दाबायचं बटण... शून्यावर.

चित्रातला काटा खाली आला.

वर गेला. थांबला.

श्वासापुरता...