मदतीचा आळ

मिसेस ग्रेटोरेक्स खुर्चीत बसल्या खऱ्या, पण आधी त्यांनी खुर्चीवरून हातरुमाल फिरवला. खासगी तपास करणाऱ्या विनिफ्रेड ऑल्डरॉइडचं ऑफिस हॅदर्सबीच्या बाजारपेठेत, एका लॉण्ड्रीच्या वर होतं. खालून येणारा साबणाचा वास बाईंना सोसवत नसावा.

"माझा ससा चोरीला गेलाय," त्या म्हणाल्या.

कोपऱ्यात चहा ओतणारा क्लाइव्ह मॉट्रम थबकला. क्लाइव्ह हा निवृत्त भूगोलशिक्षक. विनिफ्रेडला आपल्या गाडीतून फिरवायचं, आणि तिला जे दिसलं ते आपल्याला का दिसलं नाही याचा विचार करत घरी जायचं, एवढाच त्याचा आता उद्योग.

"पाळलेला होता का?" त्याने विचारलं.

"ब्राँझचा," बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "माझ्या धाकट्या बहिणीने घडवलेला. ती गेल्यापासून लंडनचे लोक तिच्या कामासाठी जीव टाकताहेत. माझ्या पुतण्याने, जाइल्सने, गेल्या शनिवारी जुनं खणांचं कपाट कौन्सिलच्या कचराकेंद्रावर नेलं, लोक नको असलेलं सामान टाकतात तिथे. ससा त्यातच होता. तिथल्या रखवालदाराने, हॉइलने, तो लांबवला. मी कौन्सिलकडे तक्रार केली आहे, शुक्रवारी त्याला काढून टाकतील. तुम्ही फक्त ससा शोधायचा."

"चोर तुम्ही शोधून ठेवलातच," विनिफ्रेड म्हणाली.

"कचऱ्यात राहणारी माणसं. आणखी काय करणार?"

हॉइलचं नाव ऐकून क्लाइव्हला वाईट वाटलं नाही. गेल्या उन्हाळ्यात हॉइलने त्याला आरशासकट परत पाठवलं होतं: काच वेगळी, लाकूड वेगळं, घरी जाऊन सोडवून आणा. सगळं हॅदर्सबी त्या माणसाचा तिरस्कार करायचं.

बाईंचं घर टेकडीवर होतं. तिकडे जाणारी वाट तलावाच्या कडेने जाते. एका वळणावर खड्ड्यात कुणीतरी सामान ओतून दिलं होतं: फाटकी गादी, रंगाचे डबे, निळ्या चिनीमातीच्या मुठींचं एक कपाट. एका मुठीच्या जागी चक्क दोऱ्याचं रीळ ठोकलेलं.

"बघ ही जनावरं," क्लाइव्ह म्हणाला. "दोन मैलांवर केंद्र आहे, तिथवर जायला यांचे पाय दुखतात."

विनिफ्रेडने मान वळवून पाहिलं.

जाइल्स ग्रेटोरेक्स दिवाणखान्यात शेकोटीला पाठ करून उभा होता. पस्तिशीचा, गुळगुळीत, उत्तरं तयार ठेवलेला.

"सोपं आहे हो," तो म्हणाला. "काकूंनी घर आवरायला सांगितलं. मी एक मोठी व्हॅन भाड्याने घेतली, आत उभं राहता येईल एवढी उंच. कपाट टाकलं आणि तिथे गेलो. तो हॉइल धावत आला. भला माणूस वाटला. एका बाजूने त्याने धरलं, एका बाजूने मी, आणि उतरवलं. 'फार जड आहे साहेब,' असंही म्हणाला. खालच्या खणात काकूंनी चोरांच्या भीतीने ससा पडद्यात गुंडाळून ठेवलाय, हे मला काय माहीत?"

"कधी कळलं?"

"घरी आल्यावर. तसाच परत गेलो. खण रिकामा."

"हॉइलला विचारलंत?"

"म्हणे मी तुम्हाला कधी पाहिलंच नाही." जाइल्स हसला. "चोर आणखी काय म्हणणार?"

स्वयंपाकघरात डोरीन बटाटे सोलत होती. ती या घरात कित्येक वर्षं कामाला होती आणि जाइल्सचं नाव निघालं की तिच्या सुरीचा वेग वाढायचा.

"ससा कुठे असतो ते घरात सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "बाईसाहेब दर ख्रिसमसला तो बाहेर काढायच्या, बहिणीची आठवण म्हणून. जाइल्ससाहेबही असायचे जेवायला."

"कपाट कसं होतं?"

"थोरल्या साहेबांचं होतं ते. एक मूठ फुटली, तर त्यांनी माझ्याच शिवणाच्या डब्यातून काहीतरी काढून ठोकलं तिथे. बाईसाहेबांना लाज वाटायची. मला आवडायचं."

क्लाइव्हने हे ऐकलं आणि सोडून दिलं. त्याचं लक्ष बटाट्यांकडे होतं.

कचराकेंद्राच्या दारात गाड्यांची रांग होती आणि दारावर आडवा लोखंडी दांडा. क्लाइव्हची छोटी गाडी त्याखालून आरामात गेली. आत हॉइल उभा होता: लांब मान, पिवळं जॅकेट, चेहऱ्यावर जगाबद्दल कायमची नापसंती.

"या गावात राहत असल्याचा पुरावा," तो म्हणाला.

"आम्ही कचरा टाकायला आलेलो नाही," विनिफ्रेड म्हणाली.

"मग गाडी बाजूला घ्या. वाट अडवू नका."

एक म्हातारे गृहस्थ जुना मायक्रोवेव्ह गाडीतून काढायला धडपडत होते. क्लाइव्ह सवयीने पुढे झाला. हॉइल जागचा हलला नाही.

"तुम्ही नाही का धरणार?" क्लाइव्हने त्याला विचारलं.

"आम्ही उचलायचं नाही. नियम आहे. कुणाची पाठ गेली तर कौन्सिलवर येतं."

पलीकडे एक बाई लोखंडाच्या कंटेनरमध्ये वाकून बघत होती. तिचं चांगलं फावडं चुकून आत गेलं होतं.

"आत गेलं ते गेलं," हॉइल ओरडला. "इथून काही परत न्यायचं नाही."

"अहो, पण माझंच आहे ते."

"होतं."

त्या बाईने जो शब्द वापरला तो क्लाइव्हला अगदी योग्य वाटला.

"तो दांडा उघडतो का?" विनिफ्रेडने विचारलं.

"मंगळवारी. व्हॅनवाल्यांनी आधी परवाना काढायचा, मंगळवारी यायचं. कुलपाची किल्ली कौन्सिलचा माणूस आणतो, तोच घेऊन जातो."

"शुक्रवारी तुमची नोकरी जाणार म्हणतात."

हॉइलने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. "मी त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही. इथे कोण ऐकतंय माझं? सगळे खूश आहेत."

ते खरंच होतं. क्लाइव्ह बुटांकडे बघू लागला.

परतताना विनिफ्रेडने त्याला तलावाकाठी गाडी थांबवायला लावली.

दुपारी मिसेस ग्रेटोरेक्सच्या फिकट गालिच्यावर क्लाइव्हने एक चिखलाने माखलेला खण ठेवला. मुठीच्या जागी दोऱ्याचं रीळ होतं. दारात उभ्या असलेल्या डोरीनने ओठ दाबले.

"ओळखता?" विनिफ्रेडने विचारलं.

"माझ्या नवऱ्याचा उपद्व्याप," बाई हळूच म्हणाल्या. "हे कुठे मिळालं?"

"तलावाच्या वाटेवर, खड्ड्यात. सगळं कपाट तिथेच आहे."

जाइल्सने घसा साफ केला. "म्हणजे हॉइलने ससा काढून घेतला आणि कपाट नेऊन तिकडे टाकलं."

"तिथून काही बाहेर न्यायला बंदी आहे. हॉइल एका बाईला तिचं स्वतःचं फावडं देत नाही. पण ते सोडा. कपाट आत गेलंच कसं? तुमची व्हॅन माणूस उभा राहील एवढी उंच. दारावरचा दांडा क्लाइव्हच्या टोपीला लागेल एवढा खाली. तो मंगळवारी उघडतो आणि किल्ली हॉइलकडे नसते. तुम्ही गेलात शनिवारी."

जाइल्स शेकोटीकडे वळला.

"ससा त्या खणात असतो हे तुम्हाला दर ख्रिसमसला दिसत होतं. तो काढून घेतलात, आणि कपाट गेलं कुठे हे सांगायला एक जागा हवी होती, जिथे वस्तू जाते आणि कुणी विचारत नाही. मग एक हॉइल तयार केलात. धावत येणारा, ओझं धरणारा, साहेब म्हणणारा." विनिफ्रेडच्या आवाजात आता उघड तिटकारा होता. "तुम्ही त्याच्यावर नुसता चोरीचा आळ घेतला असतात, तर कदाचित मी विश्वास ठेवला असता. मला तो माणूस आवडत नाही. पण तुम्ही त्याच्यावर मदतीचा आळ घेतलात. सबंध गावात असा एक माणूस दाखवा, ज्याचं ओझं हॉइलने उचललंय. मिस्टर ग्रेटोरेक्स, तुम्ही जन्मात कधी तिथे गेलेला नाहीत. तुमची घाण कायम दुसऱ्या कुणीतरी नेली."

"ससा कुठे आहे?" मिसेस ग्रेटोरेक्सनी विचारलं.

"गाडीत," जाइल्स म्हणाला. "शेवटी मलाच मिळणार होता."

बाईंनी त्याच्याकडे पाठ केली. मग म्हणाल्या, "मिस ऑल्डरॉइड, हे इथेच राहू दे. मी तक्रार मागे घेते. त्या माणसाला दोन ओळी लिहून पाठवीन."

"ओळी नकोत. जाइल्स जातील आणि तोंडाने सांगतील. आत्ता. नाहीतर हा खण घेऊन मी कौन्सिलमध्ये जाते. रस्त्यावर कचरा टाकणं हा वेगळा गुन्हा आहे."

मिसेस ग्रेटोरेक्स बहिणीच्या सशाचा विचार करत असतील किंवा शेजाऱ्यांचा. त्यांनी पुतण्याला दाराकडे बोट दाखवलं.

जाइल्सने आपली गाडी रांगेत लावली नाही. रस्त्यावर उभी करून तो पायी दारापाशी आला.

"पायी आत यायचं नाही," हॉइल म्हणाला.

"मला फक्त बोलायचंय तुमच्याशी."

"आतमध्ये गाड्या फिरतात. पायी कुणालाही आत सोडत नाही. तिथूनच बोला."

मग जाइल्स ग्रेटोरेक्सला दाराबाहेरून, इंजिनांच्या घरघरीवर आवाज चढवून, सगळं सांगावं लागलं. ससा आपण घेतला. कपाट आपणच फेकलं. हॉइलने काही केलं नाही. शेवटचं वाक्य नीट ऐकू आलं नाही म्हणून हॉइलने ते पुन्हा म्हणायला लावलं. रांगेतल्या गाड्यांच्या काचा एकेक करून खाली आल्या होत्या.

"झालं?" हॉइलने विचारलं.

"हो."

"मग बाजूला व्हा."

क्लाइव्ह विनिफ्रेडशेजारी गाडीत बसून बघत होता. हॉइल त्याला अजूनही आवडला नव्हता, आणि पुढेही आवडेल असं वाटत नव्हतं. हॉइल आपल्या लाकडी खोपटात गेला, सगळ्यांकडे पाठ करून स्टुलावर बसला आणि बसूनच राहिला. पुढची गाडी खोळंबली होती, तिच्यामागे आणखी कितीतरी. कुणीही हॉर्न वाजवला नाही.