निवृत्तीच्या सहा गोळ्या

सहावी

प्रेत नाल्याच्या काठी, ज्वारीच्या धांड्यांत उताणे पडले होते. छातीत एकच भोक. बोट जाईल एवढे.

उत्तमराव, सोनाळा गावचा. वय तीस. सकाळी रानडुकरांची हाक होती, ओरडून डुकरे बंदुकांपुढे आणायची. तो हाकेवाल्यांच्या पुढे काठी घेऊन चालत होता. डुक्कर उठले, नाल्यावर बसलेल्या तिघांनी एकदमच बार काढले. डुक्कर पळून गेले. उत्तमराव राहिला.

तालुक्याच्या जळगावहून फौजदार हिंमतराव दुपारी पोचले, तेव्हा गावाने गुन्हेगार ठरवून टाकला होता: त्या तिघांतला निवृत्ती.

ही सहावी गोळी होती. पण मारणाऱ्याशिवाय हे अजून कोणाला ठाऊक नव्हते.

सहावी, भिंगाखाली

सोबत आलेल्या जळगावच्या डॉक्टरांनी ती दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीच्या कातडीखालून काढली. शिशाची, वाटोळी. हाड लागले नव्हते, म्हणून पुढून थोडीशीच चेपली होती. एका अंगाला मसासारखा बारीक उंचवटा.

तो मस सोनाळ्यात सगळ्यांच्या ओळखीचा होता. पीकराखणीच्या परवान्यावर ठासणीची बंदूक चालवणाऱ्या निवृत्तीच्या साच्याला एक टवका गेलेला होता. त्यात ओतलेल्या प्रत्येक गोळीला तो मस यायचा.

बाकीच्या दोन बंदुका काडतुसांच्या, दुनळ्या. एक शेषरावांची. हे गावातले मोठे जमीनदार आणि पाटील, मेलेल्याचे चुलतभाऊ. दुसरी त्यांचे साडू उकंडराव यांची, वरवट बकालचे. दोघांनी सांगितले की नळ्यांत छर्रे होते.

"छर्रे सोडून एकटी गोळी कधी झाडली?" हिंमतरावांनी विचारले.

"वर्षातून दोनदा," उकंडराव म्हणाले. "आजवर एकही लागली नाही. आमच्या घरी इचारा, हासतीन."

"तुम्ही, शेषराव?"

"आपण तितराचे शिकारी. गोळीच्या नादाले कधी लागलोच नाही."

डॉक्टरांनी भिंग हिंमतरावांकडे सरकवले. गोळी सगळीकडून गुळगुळीत होती. मस सोडला तर तिच्यावर काही नव्हते. हिंमतरावांनी ते टिपून ठेवले, कशासाठी ते न कळताच.

उद्या सकाळी निवृत्तीला बुलढाण्याला न्यायचे होते. तिथून पुढची वाट फासाकडे जाते, हे त्याची बायको अंबूबाई हिला कोणी सांगावे लागले नाही. ती चावडीसमोर उन्हात बसून होती. रडत नव्हती.

बांधावर

हिंमतरावांनी निवृत्तीला त्याच्या सरावाच्या बांधावर नेले. पांढऱ्या मातीचा बांध, त्यावर चुन्याचे वर्तुळ. वर्तुळ गुडघ्याएवढ्या उंचीवर होते.

"इतकं खाली काऊन?"

"डुकराची छाती तिथंच राह्यते, सायेब. उभ्या माणसाची नजर वर जाते. हाताले खाली धराची सवय लावा लागते."

डुकराला छर्रे का चालत नाहीत, तेही त्याने सांगितले. कातडीत अडकतात, जनावर चिडते आणि राखणदारालाच फाडते. त्याला एकच जड गोळी पाहिजे, मऊ शिशाची.

हिंमतरावांनी त्याला बंदूक भरायला लावली. त्याने दारू ओतली, काथ्या ठासला. मग एरंडेलात भिजवलेल्या चिंधीत गोळी गुंडाळून गजाने खाली दाबली. चिंधी अंबूबाईच्या जुन्या लुगड्याची. तिच्यावाचून गोळी नळीत खुळखुळते, म्हणाला.

बार हिंमतरावांनी स्वतः काढला. धूर विरायच्या आत निवृत्ती बांधाकडे निघाला. शिपायाने त्याच्या मनगटाचा दोर ओढला तसा तो थांबला.

"जाऊ दे त्याले," हिंमतराव म्हणाले.

निवृत्ती गुडघ्यावर बसला. खुरपे नव्हते, त्याने बोटांनीच माती उकरली. गोळी काढली, धोतराला पुसली आणि कमरेच्या पिशवीत टाकणार, एवढ्यात आपण कैदी आहोत हे त्याला आठवले. त्याने ती फौजदारांच्या हातावर ठेवली.

भिंगाखाली तिच्या अंगावर बारीक चौकटी दिसल्या. लुगड्याची वीण शिशात उमटली होती.

सहा

अंबूबाईला एकच प्रश्न विचारला. गोळ्यांची पिशवी घराबाहेर कधी गेली होती?

"खंडेनवमीले. गावातली सारी हत्यारं एका पाटावर पूजतेत. औंदा पूजा शेषरावाच्या घरी होती. रातभर तिथंच राह्यली. दसऱ्याले वापस आणली त पिशवी हलकी लागली."

"किती हलकी?"

"सहा गोळ्या. मीच ओततो न सायेब, मले नाही समजणार?"

"तवाच बोलली काऊन नाही?"

"पाटलाच्या घरातून सहा गोळ्या गेल्या म्हणू? गावात राह्यचं हाय आमाले."

त्या पूजेला उकंडरावही होते. पण दसऱ्याला पहाटेच त्यांनी बैलांची दमणी जुंपली आणि वरवटला गेले. परतले ते हाकेच्याच सकाळी.

एक गोळी उत्तमरावात होती. हिंमतराव चावडीच्या पायरीवर बसले आणि उरलेल्या पाचांचा विचार करू लागले. एका माणसासाठी कोणी सहा गोळ्या कशाला चोरील?

मग निवृत्तीचा बांध आठवला आणि ते उठले. दोन्ही जमीनदारांच्या मळ्यांवर शिपाई धाडले. माती जिथे उंच असेल तिथे खणा, एवढाच हुकूम.

पाच, चार, तीन, दोन, एक

वरवटला काही निघाले नाही.

शेषरावांच्या मळ्यात, नव्या विहिरीच्या मातीच्या ढिगाऱ्यात गोळ्या निघाल्या. हिंमतरावांनी प्रत्येक भोकात एक धांडा खोचायला लावला.

एक: ढिगाऱ्याच्या अगदी कडेला.

दोन: हातभर आत.

तीन: मध्यापासून वितीवर.

चार: चार बोटांवर.

पाच: चुन्याच्या पुसट वर्तुळाच्या मधोमध.

प्रत्येकीवर मस. वीण एकीवरही नाही. चाळीस पावलांच्या आत गवतात काडतुसात दारूवर दाबतात त्या नमद्याच्या जळक्या चकत्या; निवृत्तीच्या बंदुकीत त्या जागी काथ्या असायचा.

शेषराव ढिगाऱ्यासमोर उभे होते. आवाज साफ होता. "निवृत्ती माह्या मळ्यात राखणीले येते. त्यानंच झाडल्या असतीन."

"त्याच्या बंदुकीतून गेलेल्या गोळीवर लुगड्याची वीण उमटते. ह्याईच्यावर नाही. उत्तमरावाच्या छातीतल्या गोळीवरही नाही. ह्या दुनळीतून गेल्या. त्याची गोळी दुनळीत सैल बसते, म्हणून मेणात बसवली असंल. सैल गोळी कुठं जाईन याचा भरवसा नाही. म्हणून पाच खर्चल्या तुम्ही, हात बसेपर्यंत. बारात बार मिसळला की मस पाहून सारे निवृत्तीले धरतीन, हे ठाऊकच होतं."

"चिंधी न लावता झाडल्या असतीन त्यानं."

"अन् शिसं इथंच टाकून गेला?"

हिंमतरावांनी पाचवी गोळी तळहातावर घेतली.

"त्याच्या हाताले दोर होता, तरी तो गोळी उकराले धावला. ज्याले शिसं विकत घेणं परवडत नाही तो झाडलेली गोळी मातीत ठेवत नाही. निवृत्तीनं झाडल्या असत्या त ह्या ढिगात मले एकही सापडली नसती. तुमच्या मनात ते आलंच नाही. तुम्ही आजवर काही उकरलं नाही."

मुलकी पाटीलकी उत्तमरावाच्या नावे करण्याचा हुकूम पंधरवड्यात निघायचा होता. तीन पिढ्या ती शेषरावांच्या घरी होती. हे तालुक्यात सगळ्यांना माहीत होते. आता त्याचा अर्थ लागला.

"सराव डुकरासाठीच होता," शेषराव हळूच म्हणाले. गोळी कधी झाडलीच नाही, हे सकाळचे बोलणे ते विसरले होते.

हिंमतराव ढिगाऱ्याला पाठ लावून उभे राहिले. पाचवा धांडा बरोबर त्यांच्या छातीशी आला.

"एवढं उंच डुक्कर कुठं असते, शेषराव?"

सहावी, पुन्हा

संध्याकाळी निवृत्तीचा दोर सोडला. तो मनगटे चोळत उभा राहिला, कोणाकडे न बघता.

अंबूबाई फौजदारांच्या टेबलाशी आली. गोळ्या कागदावर मांडून लाखेने मोहोर करायचे काम चालले होते.

"सायेब, आमचं शिसं भेटंन का वापस?"

"खटला सरल्यावर. अर्ज करा लागंन."

"करतो." तिने कागदावर नजर फिरवली. सहावी कोणती ते तिला न सांगताच कळले; डॉक्टरांनी धुतली होती तरी मसाच्या बुडाशी काळपट काही राहिले होते.

"पाचच द्या," ती म्हणाली. "ते नको."