सूर्य बुडायच्या आत

मंठ्याच्या बाजारात पडद्याचं कापड घ्यायला वर्षाराणी दुकानात शिरली, आणि गल्ल्यावरचा माणूस बघून दारातच थबकली. नाकाला चिमटा, तोंडात निळी नळी, चेहरा टोमॅटोसारखा लाल! रात्रीचे आठ वाजले होते. समोर दोन बाया साडी हातात धरून त्याचं आटपायची वाट बघत होत्या.

वर्षाराणी फिजिओथेरपिस्ट. तीन महिन्यांपूर्वीच तिनं इथं दवाखाना थाटला होता. ती नळी तिनं लांबूनच ओळखली. हृदयाच्या ऑपरेशननंतर श्वासाच्या स्नायूंना ताकद यावी म्हणून देतात ती. आत स्प्रिंग असते, त्यामुळे श्वास चांगला जोर लावून ओढावा लागतो.

"ऑपरेशन कधी झालं तुमचं?" तिनं काळजीनं विचारलं.

त्यानं चिमटा काढला. "माझं न्हाई, मॅडम. दादीचं. झडप बदलली, दीड महिना झाला."

"मग नळी तुमच्या तोंडात का?"

"ते... सकाळचे तीस श्वास दादीच घेती. दुसरे तीस कागदावर रात्री आठला लिहिलेत. अन् दिवस मावळल्यावर दादी तोंडात काहीच घालत न्हाई. पाणीसुद्धा न्हाई. आमच्या जैनांत तसं असतं. मंग कागदावरची जागा कोरी दिसली की रडती, डॉक्टरांचं ऐकणं होत न्हाई म्हणून. तिथं मी खूण करतो." तो खाली बघत म्हणाला, "आता खोटी खूण कशी करायची? म्हणून ते तीस मीच घेतो."

वर्षाराणीला हसावं की रागवावं कळेना. "अहो, तुमच्या छातीत ताकद भरून दादींना काय फायदा? जिना चढतात का त्या?"

त्याचा चेहरा उतरला. "दोन पायऱ्या. मंग बसती. वरच्या खोलीत गेलीच न्हाई अजून. परवा म्हणाली, नमन, माझं आता इथंच, खालीच संपणार."

ते ऐकून तिचा राग कुठल्या कुठं गेला. "आठलाच कशाला? दुपारी साडेचारला करा की!"

नमन बघतच राहिला. "पण डॉक्टरांनी लिहिलेलं... उलटं कसं विचारायचं?"

घरात नऊ माणसं, सगळी शिकलेली, आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं! दुसऱ्याच दिवशी वर्षाराणीनं संभाजीनगरच्या हॉस्पिटलात फोन करून वेळ बदलून घेतली आणि रोज साडेचारला लाडबाई दादींकडे जायला लागली. पडद्याचं कापड राहूनच गेलं.

"छोरी, बोअरचं पाणी ओढून राह्यल्यासारखं वाटतंय," लाडबाई कुरकुरायच्या, पण ओढायच्या. आणि नमन दुकान सोडून रोज श्वास मोजायला हजर!

"तुमचं इथं काय काम, नमनशेठ?"

"मोजतो ना."

"मोजणारा माझ्याकडे बघून मोजतो होय?"

नमनचे कान लाल झाले. "नमन," डोळे मिटलेल्या दादी म्हणाल्या, "आज बावीस तीनदा झाले."

एक दिवस दादींनीच विचारलं, "छोरी, तुमच्या घरी खाणं कसं?"

वर्षाराणीनं सरळ सांगितलं, "आम्ही धनगर, आजी. माझे वडील आष्टीला मेंढरं राखतात. घरात मटण शिजतं. मी खात नाही. लहानपणी माझं कोकरू कापलं होतं... तेव्हापासून."

दादी तिचा हात बराच वेळ हातात धरून बसल्या.

दादी पाच पायऱ्या चढल्या. मग नऊ. वर्षाराणीचा आनंद मनात मावत नव्हता, आणि त्याच आनंदात एक काटाही सलत होता. जिना चौदा पायऱ्यांचा. दादी वर पोचल्या की आपलं इथलं येणं संपलं! असं मनात आलं याची तिला लाज वाटली... तरी ते यायचंच.

अकरा पायऱ्या झाल्या त्या दिवशी तिनं मन घट्ट केलं. "आता तुमचं तुम्हाला जमेल, आजी. उद्यापासून मी नाही आले तरी चालेल."

गिऱ्हाइकाशी न थांबता बोलणारा नमन म्हणाला, "बरं."

बरं? नुसतं बरं? चहा झाला, गप्पा झाल्या, सहा वाजत आले, तरी त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघेना. वर्षाराणी तणतणत अंगणात आली आणि स्कूटीला किल्ली लावली. मागून चपलांचा आवाज आला.

"मॅडम... उद्या साडेचारला..."

"उद्या साडेचारला काय?"

"दुकानात... पडद्याचं नवीन कापड आलंय."

"नको मला पडदा!"

"नमन!"

दोघांनी वर बघितलं. गॅलरीत कठडा धरून लाडबाई उभ्या होत्या. कुणाचा हात न धरता चौदाच्या चौदा पायऱ्या चढून. आणि आवाज असा खणखणीत, की गल्लीतली माणसं बाहेर आली.

"जल्दी बोल, बेटा! सूर्य बुडून राह्यला. तुझं बोलणं झाल्याबिगर मी जेवायची न्हाई, अन् बुडाल्यावर तं मला जेवताच येत न्हाई!"

वर्षाराणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बऱ्या झाल्या दादी... खरंच बऱ्या झाल्या!

दादी उपाशी राहतील म्हटल्यावर नमनची जीभ सुटली. "मला तुम्ही आवडता पहिल्या दिवसापासून लग्न करायचंय तुमच्याशी घरच्यांशी मी बोलतो अन् तुमच्या वडिलांना भेटायला आष्टीला मी येतो बिलकुल येतो!"

"श्वास घ्या आधी," ती हसत म्हणाली.

"तुम्ही हो म्हणा आधी."

तिनं पलीकडच्या कापसाच्या जिनिंगच्या पत्र्यांकडे बघितलं. सूर्य दोन बोटं वर होता. तिनं स्कूटीची किल्ली काढली आणि वर बघून हाक दिली, "आजी, सावकाश उतरा खाली. मी ताट वाढते."