बारा फेरे कमी

नुमाझूच्या बंदरालगत, सुक्या मासळीच्या दुकानावर, वाकुई कात्सुजीची गिटारदुरुस्तीची खोली होती. दुपारचं जेवण झालं की हात धुऊन तो अँप्लिफायर चालू करायचा, आणि कामाला लागण्याआधी क्षणभर नुसती घुंई ऐकायचा. गिटारीच्या तारांखालच्या एकेरी पिकअपला ती असतेच. चुंबकावर केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे आठ हजार फेरे. तारांचा सूर पकडता पकडता ते भिंतीतल्या विजेची घुंईही पकडतात. फुजी नदीच्या अलीकडे वीज सेकंदाला पन्नास झोके घेते, पलीकडे साठ. म्हणून इथली घुंई खर्जातली, पलीकडची अंमळ चढी. कात्सुजीने चव्वेचाळीस वर्षांत नदी ओलांडली नव्हती. ऐकायला कानही एकच उरला होता, उजवा.

मंगळवारी तीनच्या सुमारास एक बाई जिना चढून आली. चाळिशी उलटलेली, पाठीवर गिटार.

“काका, खाली मासे भाजतात की वर गिटारी?”

“ज्याचं नशीब फुटलं असेल ते. काय दुखतंय हिला?”

बाईने डाव्या हाताने गिटार टेबलावर ठेवली. तिचं नाव ओरिए. “एकेक पिकअप वाजवला की घुंई येते. दोन्ही मिळवले की जाते, तेही ठीक. पण मग तीन ठोके येतात. तिघा कारागिरांनी हात टेकले. आणि रविवारी माझं रेकॉर्डिंग आहे.”

“कुठून घेतलीत?”

“आई गेली, तिच्या कपाटात निघाली. वडील नदीपलीकडे, मात्सुमोतोच्या गिटार-कारखान्यात पिकअप गुंडाळायचे. मी पोटात असतानाच पळून गेले. त्यांच्या धाकट्या भावाने त्यांना नागोयाच्या गाडीत चढताना पाहिलं म्हणे. म्हणजे माझा सख्खा काका. तोही पुढे कुठे गेला, कुणास ठाऊक.”

कात्सुजीने मान वर केली नाही. लग्नानंतर त्याने बायकोचं आडनाव घेतलं होतं. त्याचं जुनं आडनाव या खोलीत कुणी उच्चारलं नव्हतं.

त्याने स्क्रू काढले. एका पिकअपखाली निळ्या शाईचा ठिपका होता. त्याचा स्वतःचा. दुसऱ्याला लाल दोऱ्याची गाठ होती.

ती गाठ हिरोमूदादाची. दादा डावखुरा, त्यामुळे त्याचे फेरे उलटे पडत. चुंबकही उलटा बसवला की दोघा भावांची जोडी घुंई गिळून टाकायची. मुकादम हसायचा, “हे दोघे भांडतात म्हणून गिटार गप्प बसते.” मग एके दिवशी दादाने कारखान्यातल्या सगळ्या मुलींसमोर कात्सुजीचे पिकअप कात्रीने कापले. “बारा फेरे कमी! मोजताही येत नाही गाढवाला!” आणि डाव्या कानाखाली अशी लगावली की तो कान कायमचा गेला.

त्या संध्याकाळी दादा एकटाच गुंडाळत बसला होता, सवयीने पुटपुटत मोजत. कात्सुजीने मागून मेपलचा गिटारदांडा घातला. एक. दुसऱ्याला कवटी फुटली. तिसऱ्याची गरज नव्हती, तरी घातला. दादाचं मोजणं सात हजार नऊशे अठ्ठ्याऐंशीवर तुटलं होतं. तो अर्धवट पिकअप त्याच्याच हातात राहिला, आणि त्याच्यासकट कारखान्यामागच्या नदीत गेला.

तो आता टेबलावर होता. खाचांत रेतीचे कण होते.

“काय झालं हो?” ओरिएने विचारलं.

त्याने गिटार जोडली. घुंई आली. चढी, मात्सुमोतोची. त्याने तीच केबल दुसऱ्या गिटारीला लावून पाहिली. खर्ज. पुन्हा हिला लावली. चढी.

मग त्याने दोन्ही पिकअप मिळवले.

घुंई थांबली. त्या शांततेत कुणीतरी मोजत होतं. आवाज अँप्लिफायरमधून येत नव्हता. तो कात्सुजीच्या मेलेल्या कानात होता.

शहाऐंशी. सत्त्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी.

ठक. ठक. ठक.

“ऐकलंत?” ओरिए म्हणाली.

“ठोके ना?”

“हो. त्याच्या आधी तुम्हाला काही ऐकू आलं का?”

“नाही. पिकअप कुजलाय, फेकून देतो.”

“फेकता कशाला? मात्सुमोतोचा म्हातारा मुकादम अजून आहे. गाठ पाहून कुणाचं काम ते सांगतो म्हणे. उद्या जातेच त्याच्याकडे.”

कात्सुजीने लाल गाठीचा पिकअप हिसकून उपटला. तिने त्याचं मनगट धरलं. त्याने कोपराने तिचं तोंड फोडलं. भिंतीवर टांगलेला गिटारदांडा त्याच्या हातात कधी आला ते त्याला कळलं नाही. पहिला घाव दिव्यावर बसला, काचा उडाल्या. दुसरा तिच्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज त्याने नीट ऐकला. ती टेबलाखाली कोसळली.

“काका!” ती किंचाळली. “काका, नको!”

त्याने तिसऱ्यांदा दांडा उचलला.

एकोणनव्वद, असं डाव्या कानात आलं.

दांडा वरच राहिला.

नव्वद.

“दादा, पुरे,” कात्सुजी म्हणाला.

मोजणं पुरं झालं नव्हतं.

खालचे मासळीवाले धावत वर आले तेव्हा दांडा जमिनीवर पडला होता. कात्सुजी टेबलाशी पाठ करून बसला होता, मांडीवर लाल गाठीचा पिकअप. हाक मारली, हलवलं, त्याला काही ऐकू येत नव्हतं. आता उजव्या कानानेही.

गळ्यातल्या झोळीत हात अडकवून ओरिए पोलिसांबरोबर मात्सुमोतोला गेली. मुकादमाने लाल गाठ नखाने चाचपून पाहिली. मग म्हणाला, “हिरोमूची.” पिकअप खुंटीवर लावून तो तार उलगडू लागला. आत तांबं काळं पडलं होतं, फेऱ्याफेऱ्यांत नदीचा गाळ होता. सगळे मिळून भरले बरोबर आठ हजार.

“वरचे बारा मात्र हिरोमूचे नाहीत,” तो म्हणाला. “फिरवलेत त्याच्याच उलट्या बाजूने, पण हात सवयीचा नाही. बघा, तार कोरी आहे, चकचकीत. आठवडाही झाला नसेल गुंडाळून.”

हवालदाराला आठवलं. कात्सुजीला बेड्या घालताना त्याच्या डाव्या हाताची बोटं बारीक तारेने कापलेली होती. जखमा ओल्या होत्या. त्याने तेव्हा सहज मोजल्या होत्या.