डेक्लनची फुली

चूक चंद्रहास करंदीकरची होती. रविंद्रकाका ही गोष्ट सांगताना आधी पावसाला दोष देतात, मग नशिबाला, म्हणून मी आधीच सांगून टाकतो.

आयर्लंडात, कासलबारला काकांच्या घरी जेवणं झाली होती. बाहेर मिट्ट काळोख. काकांनी मोठा दिवा बंद केला. मोठ्यांना घाबरवायला आवडतं, खरं बोलायला नाही.

"चंद्रहास माझा रूममेट," काका म्हणाले. "पुण्याचा, सिव्हिलवाला. इथले जुने दगडी पूल तपासायचा. बायको कंटाळून परत गेलेली. बोलायला एकच माणूस, डेक्लन नावाचा म्हातारा गवंडी."

दोघांची पद्धत जुन्या लोकांची. एकाने कमानीखाली फळीवर उभं राहून प्रत्येक दगडावर हातोडी मारायची. खणखणीत वाजला तर खडूने बरोबरची खूण. बद्द वाजला तर फुली, म्हणजे आतून पोकळ. एक ओळ झाली की खालच्याने दोन ठोके द्यायचे आणि पुलावरच्याने दोन ठोके परत. मी आहे, चालू दे.

एके दिवशी मात्र चंद्रहास पुलावर नव्हता. पाऊस लागला म्हणून गाडीत हीटर लावून फोनवर बोलत बसला होता. डेक्लनने ठोके दिले. उत्तर नाही. याला काय झालं ते बघायला म्हातारा वर चढू लागला, घसरला, नदीत बुडाला. चौकशीत चंद्रहासने सांगितलं, मी वरच होतो, ठोके आलेच नाहीत.

"सो ही लाइड," शर्वाणी म्हणाली. ही काकांची मुलगी, इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.

"घाबरला गं तो."

"डेक्लनच्या बायकोला तरी खरं सांगायचं," मी म्हणालो.

"तू आधी सोडलेलं कॉलेज पूर्ण कर," काका म्हणाले आणि पुढे सांगू लागले.

नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. रात्रीचे साडेनऊ. तपासणी संपली होती, 'रस्ता बंद'चा फलक तेवढा त्याच पुलावरून आणायचा राहिला होता. चंद्रहास पिवळं जाकीट चढवून एकटाच गेला. पाऊस नव्हता. वाराही नव्हता. फलक त्याने डिकीत टाकला. डिकीतच त्याची हातोडी होती.

पुलाखालून आवाज आला.

टक्. टक्.

तो थांबला. फळ्या केव्हाच काढून नेल्या होत्या. खाली नुसतं पाणी...

टक्. टक्.

घाई नव्हती त्या ठोक्यांना. कोणीतरी वाट बघत होतं.

"उत्तर दे ना," शर्वाणी पुटपुटली. मराठीत.

त्याने हातोडी उचलली. कठड्यापाशी गेला. दोन ठोके, एवढंच. पण उत्तर दिलं, तर ठोके ऐकू येतात हे कबूल केल्यासारखं...

खाली शांत झालं. अजून वाट बघणारी शांतता.

चंद्रहासने हातोडी खाली ठेवली. गाडीकडे वळला.

पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, काहीतरी हलकेच लागलं. एकदाच.

आवाज बद्द आला.

घरी येऊन त्याने जाकीट काढलं, तेव्हा काका समोर होते. जाकिटाच्या पाठीवर खडूची फुली होती.

कोणी दिवा लावला नाही.

चंद्रहासची नोकरी टिकली. आयर्लंडमध्ये त्याला एकच मित्र होता, तो गेला. दुसरा झाला नाही.