फोटोखालचं धुकं

पापडांचे स्टिकर छापायला म्हणून रंजिता शहापुरातल्या एका छपाईच्या दुकानात शिरली आणि दारातच थबकली. कॉम्प्युटरवर डोळखांबचं तिचंच अंगण! मागे डोंगर, खाटेवर वाळणारे नाचणीचे पापड... आणि खाली? खाली नुसतं धुकं.

“हा फोटो तुमच्याकडं कसा?” हातातला स्टिकरचा नमुना तिने टेबलावर आपटला.

खुर्चीतला तरुण दचकला. “माझं नाव भाविक. सकुबाईंनी बचतगटाच्या पापडांची वेबसाइट करायला सांगितलीय. मीच येऊन काढला.”

सकुबाई म्हणजे तिची आत्या. खरं असेलही. पण नजर चुकवून बोलणारी माणसं रंजिताला पटत नसत.

“खाली काय लपवलंय?”

“लपवलं नाय... धूसर केलंय. वरून खाली हळूहळू वाढत जातं. त्यावर अक्षरं नीट दिसतात.”

“अक्षरं तर वर डोंगरावर हायत!”

रंजिताला आठवलं, त्या दिवशी ती अंगणातच होती. परक्या पोराकडे आपला फोटो आहे असं गावात कळलं, तर लोकांची तोंडं कोण धरणार?

“काढा ते धुकं.”

“एकावर एक पडदे हायत...”

“एकेक काढा. मी उभी हाय.”

एक पडदा गेला. धुक्यात हिरवा रंग उमटला. मग ओढणीचा काठ. शेवटचा गेला, आणि— गाल फुगवून, तेलात बुडवलेली पापडाची लाटी चोरून खाणारी रंजिता!

“म्हणजे मला हसत बसला होतात!”

“नाय हो! येणारा जो तो विचारायचा, ही कोण? तुम्हाला न विचारता काय सांगू? फोटो खालून कापायला घेतला, पण...” त्याचे कान लाल झाले. “कापवला नाय.”

खोटं बोलणाऱ्याचे कान असे लाल होतात? होतही असतील.

“फोन दाखवा.”

त्याने मुकाट्याने दिला. पापड, डोंगर, कोंबड्या... ती कुठेच नव्हती. का कोण जाणे, तिला जरा लागलंच.

“एक पण नाय ठेवलात?”

“न विचारता कसा ठेवू?”

“...पडदे परत घाला. जगाला लाटी खाताना दिसायचं नाय मला.” दारात ती वळली. “रविवारी परत लाट्या हायत. विचारायचं असेल तर ये.”

“काय विचारायचं?”

“ते पण मीच सांगू? आत्यासमोर विचार, काय ते!”

एसटी स्टँडवर पोचल्यावर तिला आठवलं, स्टिकर राहिलेच. नमुना त्याच्या टेबलावरच होता. ती मागे फिरली नाही. रविवारी छापून घेऊन येईलच की तो.

नाहीच आला, तर मात्र तो खोटं बोलत होता हा तिचा संशय खरा.